बिन, बॅग आणि आमच्याकडची वेचणी

आज दव वाळेपर्यंत सगळे शेडखाली बसून होतो. ऑस्ट्रेलियातल्या मंडबेरात जुलैला सकाळी हाडं गोठतात इतका गारठा असतो, पण खरं कारण गारठा नाही, ओल्या मँडरीनला (संत्र्यासारखंच फळ) हात लावायचा नाही हे आहे. साल ओली असताना फळ दाबलं गेलं की सालीतलं तेल फुटून बाहेर येतं आणि नंतर तिथे डाग पडतो, मग ते फळ पॅकिंगमधून बाद. संत्र्याच्या गावात जन्म गेला तरी हे मला इथे येऊन कळलं.

मी वरूडकडची. घरी संत्रा आहे, कापूस आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीयांना वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केला, वर्षाला फक्त १०००, तोही लॉटरीने, वय १८ ते ३०. नंबर लागला आणि मी आले. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा पाहिजे तर तीन महिने अशा भागात शेतीसारखं काम करावं लागतं, म्हणून क्वीन्सलंडमधलं हे गाव. आजी फोनवर म्हणाली, "अवं पोरी, घरच्या बागीत कधी एक फळ तोडलं नाही, अन् तेथं कायले मरतं?" काय सांगू तिला. पण प्रश्न डोक्यातून जात नाही हे खरं.

काम असं आहे. छातीवर कॅनव्हासची बॅग, खांद्यांवर पट्टे, हातात छोटी कात्री. एका हाताने फळ धरायचं, पहिला कट देठ लांब ठेवून, दुसरा कट अगदी फळाला लागून, कारण देठाचं टोक जरी राहिलं तरी बिनमध्ये (फळं टाकायचा मोठा खोका) शेजारच्या फळाच्या सालीत घुसतं आणि तिथून सड सुरू होते. आमच्याकडे बहुतेक जण हातानेच पिळून तोडतात. इथे मरकॉट व्हरायटी चालू आहे, तिची साल पातळ, घट्ट चिकटलेली, ओढलं की फाटते, त्यामुळे कात्रीशिवाय इलाजच नाही. बॅग भरली की खांदे खाली ओढले जातात, मग शिडीवरून उतरायचं, बॅगेचा तळ उघडून फळं हळू बिनमध्ये सोडायची, परत शिडी. एका बिनमध्ये चारशे किलोच्या आसपास माल मावतो. पहिल्या आठवड्यात रात्री बोटं मिटत नव्हती आणि मी बंकवर पडून छताकडे बघत रडले होते, हेही लिहून ठेवते.

माझ्या ओळीत एक तैवानची मुलगी आहे, एक फ्रेंच जोडपं, आणि पलीकडे व्हानुआतूची माणसं, ती बॅकपॅकर, म्हणजे आमच्यासारखी फिरत फिरत काम करणारी, नाहीत, पॅसिफिक बेटांच्या स्कीमवर घरदार सोडून आलीत. त्यांच्यातल्या एका काकांचे हात बघत राहावे असे चालतात, दोन कट एकात मिसळून जातात, एकही फळ खाली पडत नाही. या कामाला "अनस्किल्ड" कोण म्हणतं त्याला एक दिवस त्यांच्या शेजारच्या झाडावर उभं करायला पाहिजे.

पैसे बिनवर मिळतात. पण बिनवर म्हणजे मनाला येईल तसे नाहीत, आणि मला आज याच्याबद्दलच लिहायचंय. आधी इथेही बॅकपॅकर लोक दिवसभर राबून तासाच्या मजुरीच्या कितीतरी खाली कमवायचे, सगळा हिशोब नगावर. मग कामगार युनियन फेअर वर्क कमिशनकडे, म्हणजे मजुरीचे नियम ठरवणाऱ्या इथल्या आयोगाकडे गेली, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल लागला आणि २८ एप्रिल २०२२ पासून नियम असा की बिन कितीही कमी भरो, जितके तास काम केलं त्याची किमान मजुरी द्यायलाच लागते. कॅज्युअल, म्हणजे कायम नसलेल्या कामगाराला ती तासाला ३० डॉलरच्या वर आहे. बिनचा रेटही असा ठेवावा लागतो की कामाची सवय झालेल्या साधारण माणसाला किमानपेक्षा निदान १५ टक्के जास्त सुटतील. तास लिहून ठेवणं मालकावर बंधनकारक. सुरुवातीला माझी बिन भरता भरत नव्हती तेव्हा याच नियमावर माझं भागलं, नाहीतर बेडचं भाडं देऊन हातात काय राहिलं असतं कुणास ठाऊक.

आणि मग मला आमच्याकडच्या वेचणीच्या बाया आठवतात. कापूस किलोवर वेचतात, संध्याकाळी गाठोडी काट्यावर लागतात. पहिल्या वेच्याला शेत पांढरंफेक असतं तेव्हा ठीक, पण शेवटच्या वेच्याला बोंडं विरळ, तेवढंच ऊन, तेवढेच तास, बोटांना टोचणारी तीच टोकं, आणि किलो अर्धे. त्या दिवशी बाईला कमी का मिळावं? शेतात कापूस कमी आहे यात तिचा काय दोष? रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ मध्ये ३१२ रुपये रोज होता, निदान त्याच्या खाली तरी कुठल्याच दिवशी जाऊ नये असं मला फार मनापासून वाटतं.

रविवारी बाबांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ७५२१ होता, आपला कापूस व्यापाऱ्याने सात हजाराच्या आत नेला. मला कोणता कायदा देते किमान?" खरंच आहे त्यांचं. इथला मालक सुपरमार्केटच्या भावाला शिव्या देतो पण तो भाव आणि माझी मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं निदान कागदावर तरी आहे. आमच्याकडे सगळी तूट उतरत उतरत शेवटी काट्याजवळ उभ्या असलेल्या बाईच्या पदरात पडते.

तरी बाबा शेवटी म्हणाले, हिशोब करून पाठव. म्हणून आज जेवणानंतर वही घेऊन बसले. शेवटचे दोन वेचे किलोवर न देता रोजाने दिले तर एकरी किती जास्त लागतील ते काढतेय. गेल्या वर्षीचे मजुरीचे आकडे आईच्या डायरीत आहेत, फोटो मागवलेत. दिवाळीनंतर वेचणी सुरू होईल, त्याच्या आधी आकडे त्यांच्या हातात पडले पाहिजेत.