खोक्याआधी टेप बघा

जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची जी कुठली प्रत घरात असेल ती लावा आणि पेटी जवळ घ्या. आधी दुसऱ्या बाजूचं ‘ऑल ब्लूज’. त्याचा षड्ज पांढरी पाच. प्रत्येक पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला लावलेली नसते, म्हणून रेकॉर्डवरचा सूर तुमच्या पेटीशी कितपत जुळतो ते कानात ठेवा. मग पहिल्या बाजूचं ‘सो व्हॉट’. इथे षड्ज पांढरी दोन, थाट म्हणाल तर आपला काफी. मधले आठ बार (चार-चार मात्रांचे आठ खंड) तेवढे सगळे काळी दोनवर चढतात आणि परत येतात. ‘ऑल ब्लूज’ पेटीशी जुळतंय, पण ‘सो व्हॉट’ पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधे कुठेतरी अधांतरी राहतंय, असं झालं तर तुमची प्रत जुन्या टेपवरून आली आहे.

२ मार्च १९५९ला न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया रेकॉर्ड कंपनीच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत या अल्बमची पहिली तीन गाणी झाली. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. रेकॉर्ड करताना टेप हळू गेली, की ती योग्य वेगाने वाजवताना संगीत जलद होतं आणि सूर चढतो. २२ एप्रिलच्या बैठकीत हा दोष नव्हता, म्हणून दुसरी बाजू बरोबर. पहिल्या दिवशी शेजारी एक राखीव मशीनही चालू होतं आणि त्याचा वेग ठीक होता. १९९२मध्ये त्या राखीव टेपवरून मास्टरिंग (छपाईसाठीची अंतिम प्रत तयार करणं) झालं आणि पहिल्यांदा ती तीन गाणी खऱ्या सुरात बाहेर आली. म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ जगाने या अल्बमची पहिली बाजू चढी ऐकली. ज्या पहिल्या प्रेसिंगसाठी, म्हणजे पहिल्या छपाईसाठी, संग्राहक एवढे पैसे मोजतात, तीही चढीच.

जॅझच्या रीइश्यूंबद्दल, म्हणजे जुन्या अल्बमच्या नव्याने छापलेल्या प्रती आणि खोक्यांबद्दल (बॉक्स सेट), मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका उदाहरणात आहे. पुठ्ठा किती जाड, कणा धातूचा आहे का, फोटो किती, हे सगळं नंतर. आधी विचारायचं: कुठल्या टेपवरून?

हा प्रश्न युरोपातून येणाऱ्या स्वस्त खोक्यांना तर विचारलाच पाहिजे. युरोपीय संघात ध्वनिमुद्रणाचा हक्क पूर्वी ५० वर्षांचा होता. २०१३मध्ये तो ७० झाला, पण जे आधीच मुक्त झालं होतं ते मुक्तच राहिलं. त्यामुळे १९६३च्या आधी निघालेलं जवळपास सगळं जॅझ तिथे कोणीही छापू शकतं, तेही मूळ कंपनीची टेप न मागता. मग टेपऐवजी एखादी जुनी सीडी किंवा एलपीच स्रोत म्हणून वापरली जाते. ‘चार सीडींत आठ अल्बम’ या खोक्यांचा हिशेब बघा: एका सीडीत जेमतेम ८० मिनिटं, म्हणजे चाळीस मिनिटांचे दोन एलपी. अल्बम थोडा लांब असला की तो दोन डिस्कवर तुटतो. वादकांची नावं आणि तारखा बहुधा नसतातच. ओळख करून घ्यायला हे खोके चालतील. संग्रहासाठी घेणार असाल तर मागच्या बाजूला मूळ हक्कधारकाचं नाव आणि परवान्याची ओळ शोधा. आणि पुस्तिकेत मास्टरिंग कोणी, कुठे, कशावरून केलं हे लिहिलं आहे का ते पाहा. ज्यांनी मूळ टेप मिळवलेली असते ते ही गोष्ट लपवत नाहीत.

दुसरा फसवा शब्द ‘कम्प्लीट’. माइल्स डेव्हिसच्याच ‘बिचेस ब्रू’ अल्बमवरचा १९९८चा ‘द कम्प्लीट बिचेस ब्रू सेशन्स’ चार सीडींचा आहे. नावावरून वाटतं, १९ ते २१ ऑगस्ट १९६९ या तीन दिवसांत वाजलेलं सगळं यात असेल. तसं नाही. खोक्याचा मोठा भाग त्यानंतरच्या, फेब्रुवारी १९७०पर्यंतच्या बैठकींचा आहे. ते संगीत सुंदर आहे आणि त्यासाठी हा सेट जरूर घ्यावा. पण ऑगस्टच्या तीन दिवसांचे न वापरलेले टेक (एकच गाणं वाजवण्याचे वेगवेगळे प्रयत्न) ऐकायला मिळतील या आशेने घेणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय मूळ अल्बमही इथे मल्टिट्रॅकवरून (वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर असलेल्या टेपवरून) नव्याने मिक्स केलेला आहे. निर्माता टिओ मॅसेरोने १९७०मध्ये टेप कापून-जोडून जो अल्बम उभा केला त्याचा आवाज हवा असेल, तर एलपीच्या मिक्सवरून काढलेली वेगळी प्रत जवळ ठेवावी लागते.

याच्या उलट, ‘कम्प्लीट’ हा शब्द जिथे पूर्णपणे खरा ठरतो असं एक खोकं म्हणजे पियानोवादक बिल एव्हान्सचं, न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधलं. तारीख २५ जून १९६१, रविवार. दुपारी दोन आणि रात्री तीन असे पाच सेट, म्हणजे वादनाच्या पाच फेऱ्या. बासवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. ६ जुलैला लाफारो मोटार अपघातात गेला. निर्माता ऑरिन कीपन्यूज आणि एव्हान्स यांनी मग पहिला एलपी लाफारो पुढे दिसेल असा निवडला: सुरुवातीला त्याचंच ‘ग्लोरियाज स्टेप’, शेवटी त्याचंच ‘जेड व्हिजन्स’. म्हणजे ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ ही एका अर्थी श्रद्धांजली आहे, त्या दिवसाची नोंद नव्हे. २००५च्या तीन सीडींच्या खोक्यात पाचही सेट वाजले त्या क्रमाने आहेत. सुरुवात होते ती ‘ग्लोरियाज स्टेप’च्या पहिल्या टेकने, ज्यात मधेच वीज गेल्यामुळे खंड पडला आहे. तो खंड तसाच ठेवला हे फार चांगलं केलं. त्यानंतर तीच माणसं त्याच खोलीत कशी हळूहळू सैल होत जातात, हे सलग ऐकल्याशिवाय कळत नाही.

सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचा नोव्हेंबर १९६१चा व्हॅनगार्ड संच (चार सीडी, १९९७) हा माझ्या मते जॅझमधला सर्वांत शिकवणारा बॉक्स सेट आहे. १, २, ३ आणि ५ नोव्हेंबर अशा चार रात्री. त्यात ‘इंडिया’ चार वेळा आहे. ‘इम्प्रेशन्स’ या एलपीवर यातलं फक्त ३ तारखेचं आलं होतं. चारही एका बैठकीत ऐका. दोन बास, खाली अखंड धरलेला षड्ज, आणि काही वेळा अहमद अब्दुल-मलिक याचं ऊद हे अरबी तंतुवाद्य किंवा तंबोऱ्यासारखं वाद्य. आपल्याकडचा राग-ऐकणारा कान इथे लगेच जागा होतो: बंदिश एकच, बढत रोज निराळी.

पण असे पूर्ण खोके रोजच्या ऐकण्याला जड जातात. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या, सॅव्हॉय किंवा डायल या कंपन्यांसाठीच्या संपूर्ण संचात एकाच गाण्याचे पाच-पाच टेक ओळीने येतात, त्यातले काही आठ-दहा सेकंदांत थांबलेले. तिसऱ्या टेकला नवा श्रोता उठून जातो. उपाय सोपा आहे: सीडी रिप करून (संगणकावर उतरवून) दोन प्लेलिस्ट करा. एक एलपीच्या किंवा ७८ आरपीएमच्या जुन्या रेकॉर्डच्या प्रसिद्धीक्रमाने, दुसरी बैठकीच्या क्रमाने. फाइलच्या नावात तारीख उलटी लिहा, १९६१-०६-२५ अशी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. रिपिंगसाठी एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरा आणि त्यातली अ‍ॅक्युरेटरिप ही पडताळणी चालू ठेवा. तुमचा निकाल इतरांच्या त्याच डिस्कच्या निकालाशी ताडून बघितला जातो, त्यामुळे कुठल्या ट्रॅकवर ओरखडा आड आला ते लगेच कळतं. फ्लॅक या, आवाजात काहीही न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात एका सीडीला साधारण ३०० एमबी धरा. सात सीडींचा सेट दोन-सव्वादोन जीबीत बसतो.

क्रम आणि टेप या दोन्ही गोष्टी मनावर घेऊन काम करणारं नाव म्हणजे मोझेइक. मायकल कस्कुना आणि चार्ली लूरी यांनी काढलेली ही टपालाने विकणारी छोटी कंपनी. १९८३मध्ये पियानोवादक थेलोनियस मंकच्या, ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी केलेल्या रेकॉर्डिंगच्या चार एलपींपासून तिने सुरुवात केली. त्याआधी कस्कुनाने काही वर्षं ब्लू नोटच्या गोदामात बसून, लेबलावर धड माहितीही नसलेल्या टेपा ऐकून त्यांची यादी लावली होती. मोझेइकचा खोका काळा, पुस्तिका एलपीच्या आकाराची, प्रत्येक टेकची तारीख, मास्टर नंबर आणि वादक दिलेले, प्रत क्रमांकित. क्रमांकाच्या कोडमध्ये पहिला आकडा डिस्क किती ते सांगतो: एमडी१८ म्हणजे १८ सीडी. दुसऱ्या कंपन्यांकडून ठरावीक काळासाठी आणि ठरावीक प्रतींसाठी हक्क घेतलेले असल्याने हे सेट संपले की संपले. म्हणूनच जुने सेट महाग.

सगळंच मात्र कोणाच्या हाती लागणार नाही. फेब्रुवारी १९७८मध्ये न्यू जर्सीतल्या लाँग ब्रँच इथे अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीच्या गोदामाला आग लागली आणि हजारो रीळं गेली, बहुतेक न वापरलेल्या टेकची. कोल्ट्रेनचा अटलांटिक संच (सात सीडी, १९९५) घेताना हे लक्षात असू द्या. शेवटच्या डिस्कवर जे तुकडे आहेत ते उरले म्हणून आहेत. तसंच ६ मार्च १९६३चं रेकॉर्डिंग, जे २०१८मध्ये ‘बोथ डायरेक्शन्स अ‍ॅट वन्स’ म्हणून आलं. ते कोल्ट्रेनने घरी नेलेल्या मोनो प्रतीवरून निघालं. ती त्याची पहिली पत्नी नायमा हिच्या कुटुंबाकडे राहिली होती.

एलपीबद्दल थोडक्यात. ब्लू नोटच्या टोन पोएट (२०१९पासून) आणि क्लासिक व्हायनल या दोन्ही मालिकांचं मास्टरिंग केव्हिन ग्रे करतो आणि शक्य तिथे मूळ टेपवरूनच. फरक प्रेसिंगच्या कारखान्यात आणि कव्हरच्या पुठ्ठ्यात. पैसे मोजके असतील तर दोन क्लासिक घ्या, एक टोन पोएट नको. आणि ब्लू नोटच्या ‘मोनो’ (एकाच ट्रॅकच्या) प्रतीसाठी जास्त पैसे देण्याआधी साल बघा: १९५८च्या अखेरीपासून ब्लू नोटचा ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर दोन ट्रॅकवरच रेकॉर्ड करत होता आणि मोनो त्यातूनच एकत्र करून काढला जाई.

जुना सेट घेताना विक्रेत्याकडे पाच फोटो मागा: कणा, क्रमांक, पुस्तिकेचं पहिलं आणि शेवटचं पान, दिव्याखाली तिरक्या धरलेल्या सगळ्या डिस्क, आणि खोक्याचा आतला तळ. तळ का? ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कित्येक सेटमध्ये स्पंजची चकती किंवा पट्टी असते. पॉलियुरेथेनचा हा स्पंज दमट हवेत विघटित होतो, चिकट होतो आणि डिस्कच्या लेबलाला चिकटतो. सेट घरी आला की स्पंज त्याच दिवशी काढून टाका. सीडीची छापील बाजू चकचकीत बाजूपेक्षा नाजूक असते, कारण परावर्तक थर तिथे फक्त लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. तिथे स्पिरिट लावू नका. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि मध्यापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल नाही.

आतल्या कड्यावर ‘मेड इन यू.के. बाय पीडीओ’ असं असेल आणि डिस्क १९८८ ते १९९३च्या काळातली असेल तर कडेकडे बघा. पितळी झाक दिसली तर चांदीचा थर गंजतोय. कागदी पाकिटातल्या गंधकाने हे वाढतं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणून खरखर आधी शेवटच्या गाण्यात ऐकू येते. ती आजच रिप करा आणि डिस्क प्लास्टिकच्या पाकिटात हलवा.

मुंबई, कोकण, गोवा इथे खरा शत्रू जून ते सप्टेंबर. सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की पुस्तिकेच्या कागदावर आणि कव्हरच्या डिंकावर बुरशी धरते. साधा हायग्रोमीटर आणा आणि ४५ ते ५५च्या मधे ठेवायचा प्रयत्न करा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन-तीन इंच जागा सोडा. मौल्यवान सेट झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात, तीसेक लिटरला १०० ग्रॅम सिलिका जेल. केशरी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास, की पुन्हा केशरी. एलपीला पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांनी व्हायनलवर धुकं येतं. पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या. आणि कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या तर मुळीच टाकू नका. सीडीच्या पारदर्शक डब्या पॉलिस्टायरीनच्या असतात आणि नॅफ्थलीनची वाफ त्या प्लास्टिकलाच खाते. कडुनिंबाचा सुका पाला कापडी पिशवीत बांधून डब्याबाहेर, कपाटाच्या फळीवर ठेवा.