सव्वाशे माणसांच्या गावात काय बघायचं?

"रोम, व्हेनिस सोडून त्या सव्वाशे माणसांच्या गावात कशाला गेलात?" लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: तट बघायला गेलो, तर तटच सापडेना.

गावाचं नाव सान्तो स्तेफानो दि सेस्सानियो. इटलीच्या आब्रुत्सो प्रांतात, ग्रान सास्सो डोंगराच्या अंगाला, साडेबाराशे मीटरवर. लांबून किल्लाच वाटतो. जवळ गेल्यावर कळतं, वेगळा तट नाहीच. कडेची घरं एकमेकांना खेटून उभी, त्यांच्या मागच्या भिंती हाच तट. म्हणून त्या बाजूच्या खिडक्या मोजक्या आणि बारक्या. आतल्या गल्ल्या वळत वळत चढतात आणि मध्येच घराच्या पोटातून जातात. वर कुणाची तरी खोली, खालून वाट. बाहेर बर्फ पडत असला की तेवढाच आडोसा. सगळ्यांच्या वर गोल मनोरा.

हे सगळं उभं राहिलं मेंढ्यांच्या जिवावर. 1579 मध्ये फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्यानं गाव विकत घेतलं, 1743 पर्यंत ते त्यांच्याकडे होतं. वेशीच्या कमानीवर त्यांचं गोळ्यांचं चिन्ह अजून आहे. 'कार्फान्या' ही इथली काळी, भरड लोकर तस्कनीत, म्हणजे फ्लोरेन्सच्या मुलखात जायची. तिचे साधूंचे झगे आणि शिपायांचे गणवेश व्हायचे. हिवाळ्यात कळप पार दक्षिणेकडच्या पुलियाच्या मैदानात उतरायचे. एकोणिसाव्या शतकात ती कुरणं नांगराखाली गेली, धंदा बसला, माणसं परदेशी गेली. गाव जुनं राहिलं ते जपलं म्हणून नव्हे. पाडून नवं बांधायला होतं कोण?

1999 मध्ये दानिएले किल्ग्रेन नावाचा माणूस मोटारसायकलवरून इथे पोचला. पुढे त्यानं पडकी घरं घेऊन गावभर विखुरलेलं हॉटेल केलं, भिंतींवरची चुलीची काजळी तशीच ठेवून. मी बोट फिरवून बघितलं. काही लागलं नाही. (भाडं विचारल्यावर मात्र बाहेर पडलो.)

शेजारच्या खानावळीत इथला बारका मसूर खाल्ला. भिजवावा लागत नाही, असं वाढणाऱ्या बाईंनी दोनदा सांगितलं. वर ऑलिव्ह तेलात तळलेले पावाचे तुकडे.

आणि हो, त्या मनोऱ्याचे दगड नवे दिसतात. 6 एप्रिल 2009 च्या भूकंपात तो कोसळला होता. आत्ता उभा आहे तो पुन्हा बांधलेला.