चिकटलेला सांधा तपासायचा कसा?

28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांमधील हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाच्या छताचा मोठा भाग सुमारे 24,000 फुटांवर उडून गेला आणि एका हवाईसेविकेचा मृत्यू झाला. या अपघाताची चर्चा बहुधा ‘जुने विमान, थकलेला धातू’ एवढ्यावरच थांबते. मला ते अपुरे वाटते, कारण धातूच्या आधी चिकटद्रव्याने हार मानली होती.

सुरुवातीच्या 737 विमानांत जेमतेम 0.9 मिलिमीटर जाडीच्या पत्र्यांच्या कडा एकमेकींवर ठेवून मध्ये इपॉक्सी या चिकटद्रव्यात भिजवलेले विरळ कापड घालत आणि वरून रिव्हेटच्या तीन ओळी मारत. हे इपॉक्सी साध्या तापमानालाच घट्ट होत असल्याने वापरेपर्यंत अतिथंड ठेवावे लागे. बाहेर काढल्यावर त्यावर दव धरले किंवा पत्र्याचा पृष्ठभाग नीट तयार झालेला नसला, तर सांधा मुळातच कच्चा राही. पुढे त्यात ओल शिरून पत्रा गंजे, आणि चिकटद्रव्याने पेलायचा केबिनच्या दाबाचा भार रिव्हेटवर येई. रिव्हेटची डोकी पृष्ठभागाशी सपाट बसावीत म्हणून छिद्रांना दिलेला उतार पत्र्याच्या पूर्ण जाडीतून जात असल्याने छिद्राच्या तळाशी सुरीसारखी धार उरे. तडे तिथूनच निघत. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या करणाऱ्या या विमानाची 89,680 उड्डाणे झाली होती, म्हणजे तितक्याच वेळा ते फुगले आणि सैलावले होते. त्यात एकाच ओळीतल्या अनेक छिद्रांशी बारीक तडे वाढत जाऊन अखेर एकमेकांना मिळाले.

तपासणीची खरी अडचण इथेच आहे. एडी करंटने, म्हणजे धातूत विजेचे भोवरी प्रवाह निर्माण करून, रिव्हेटभोवतीचा तडा सापडतो, पण तो सांधा सुटल्याचा उशिरा मिळणारा पुरावा असतो. हलके ठोकून आवाज ऐकला किंवा अल्ट्रासाउंड वापरले, तर थरांमधली पोकळी कळते. मात्र दोन पृष्ठभाग नुसते टेकलेले असून त्यांच्यात पकड उरलेली नसेल, तर ध्वनिलहरी आरपार जातात आणि सांधा निर्दोष वाटतो. (शिवाय रात्रपाळीत हजारो रिव्हेट तपासणाऱ्या माणसाची एकाग्रता कोणत्याही उपकरणाने मोजता येत नाही.) म्हणून माझ्या मते चिकटवलेल्या सांध्याची सर्वांत भरवशाची तपासणी कारखान्यातच होते: त्याच प्रक्रियेतून काढलेल्या नमुना-पट्टीत पाचर ठोकून ती दमट, उष्ण हवेत ठेवायची आणि भेग किती सरकते, ते पाहायचे.