आमची वाटचाल : साइट कोणाच्या हातात?

2007 साली चिपळूणच्या बाजारपेठेत दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेऊन मी आणि माझ्या मावसभावाने वेबसाइट बनवायचं काम सुरू केलं. दोन संगणक, एक जुना प्रिंटर आणि पहिलं गिऱ्हाईक म्हणजे ओळखीतलं एक लॉज. पाच पानांची साइट, सगळी हाताने लिहिलेली. महिन्याभरात लॉजवाल्या काकांचा फोन आला, "अरे, खोलीचा दर बदललाय, तेवढं कर." केलं. पुन्हा फोन, पुन्हा बदल. प्रत्येक बदलाचे आम्ही शंभर रुपये घ्यायचो. वर्षभराने फोन यायचे बंद झाले आणि मला वाटलं, सगळं सुरळीत चाललंय. एकदा सहज साइट उघडली तर गणपती होऊन गेले तरी मे महिन्याचे दर तसेच. शंभर रुपये आणि एक फोन, एवढ्यासाठी काकांनी साइटच सोडून दिली होती.

त्यामुळे जुमलाचं नाव ऐकलं तेव्हा आम्ही त्यावर तुटून पडलो. मांबो नावाच्या प्रणालीतून 2005 साली फुटून निघालेली ही सीएमएस, म्हणजे कोड न लिहिता साइटवरचा मजकूर बदलता येईल अशी प्रणाली. नाव स्वाहिली भाषेतल्या 'जुमला' शब्दावरून घेतलेलं, म्हणजे 'सगळे मिळून'. मूळ शब्द अरबी, आणि आपल्या जुन्या हिशेबात एकूण बेरजेला जुमला म्हणतात तो हाच. मला ते फार आवडलं होतं. गिऱ्हाइकाने आपल्या साइटवर आपणच लिहायचं, आम्ही फक्त घर बांधून द्यायचं. 2008 पासून 1.5 या आवृत्तीवर आम्ही एकामागून एक साइट उभ्या केल्या. वाचनालय, कॉलेज, पतसंस्था, दोन होमस्टे.

वाचनालयाच्या ग्रंथपाल बाईंना मी स्वतः दोन तास शिकवलं. बाई हुशार, हातात वही, प्रत्येक पायरी लिहून घेतलेली. तीन महिन्यांनी गेलो तर म्हणाल्या, "मी चौदा सूचना टाकल्या हो, पण वाचक म्हणतात एकही दिसत नाही." खरंच चौदा होत्या. व्याख्यानमाला, नवी पुस्तकं, वर्गणीची मुदत, सगळं शुद्धलेखनासकट नीट लिहिलेलं. पण त्या आवृत्तीत आधी सेक्शन, त्यात कॅटेगरी, त्यात लेख, आणि लेख पानावर यायला मेनूची जोडणी वेगळी. बाईंनी लेख कुठल्याच कॅटेगरीत घातले नव्हते. 'पब्लिश' समोर हिरवी खूण दिसत होती, म्हणून त्यांनी समजलं की झालं. चौदा सूचना आतल्या खोलीत पडून राहिल्या. बाई वही मिटून म्हणाल्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल." चूक आमची होती. आम्ही त्यांना आमचं कपाट दाखवलं होतं, त्यांना हवा होता फक्त एक फलक.

आमचं सगळं काम ज्यावर उभं आहे, ते त्या दिवशी कळलं. पण ते अंगी बाणायला पुढे पाच वर्षं गेली, कारण मधे दुसरंच संकट आलं. 2011 च्या 1.6 आवृत्तीत जुमलाने सेक्शन काढून टाकले, 2012 मध्ये 2.5 आली आणि त्याच वर्षी 1.5 चा आधार संपला, म्हणजे तिला सुरक्षेची अपडेट मिळणं बंद झालं. 1.5 वरून 2.5 वर एका बटणाने जाता येत नव्हतं. ते स्थलांतर होतं, टेम्प्लेटसुद्धा नव्याने लिहायचं. अकरा साइट आणि आम्ही दोघं. गिऱ्हाइकाला काय सांगणार, चालू साइटसाठी पुन्हा पैसे द्या? निम्म्या साइट आम्ही पदरमोड करून हलवल्या. एक राहिली, आणि तीच हॅक झाली. कॉलेजचं नाव शोधलं की गूगलवर त्याखाली गोळ्या-औषधांच्या जाहिराती दिसायच्या. प्राचार्यांसमोर बसून ते समजावताना घशाला कोरड पडली होती.

2013 च्या शेवटी आम्ही वर्डप्रेस या दुसऱ्या सीएमएसकडे वळलो. त्या ऑक्टोबरच्या 3.7 आवृत्तीपासून सुरक्षेची छोटी अपडेट आपोआप बसायला लागली होती. दोन माणसांच्या फर्मला एवढं एक कारण पुरेसं होतं. दुसरं कारण मराठी. स्वयंसेवकांनी डॅशबोर्डचं, म्हणजे साइट चालवायच्या आतल्या पडद्याचं, भाषांतर केलेलं आहे, आणि ज्या माणसाचं सगळं दप्तर मराठीत चालतं त्याच्यासमोर मराठी पडदा आला की त्याचा हात सैल होतो. हे मी कितीतरी ऑफिसांत बघितलंय.

तरी भाषांतराने सगळं भागत नाही. पतसंस्थेच्या क्लार्क ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, पोस्ट म्हणजे टपाल का?" तेव्हापासून आम्ही डाव्या बाजूच्या यादीतले शब्द बदलायला लागलो. त्यांच्या साइटवर 'पोस्ट' नाही, 'सूचना' आहे. शेजारी 'ठेवींचे व्याजदर' आणि 'शाखा'. थीम, प्लगइन, सेटिंग हे त्यांच्या लॉगिनला दिसतच नाही. ताईंना तीनच शब्द दिसतात आणि तिन्ही त्यांच्या रोजच्या कामातले.

आंब्याच्या एका बागायतदाराचंही असंच. गुहागरकडे बाग, हंगामात भाव रोज बदलणार. आम्ही त्यांना एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या पडद्यावर, सुंदर तक्ता करून दिला. मोबाइलवरून आकडा बदलताना बोट जरा सरकलं की आख्खा रकाना गायब. एप्रिलभर रोज सकाळी फोन: "तक्ता पुन्हा मोडला." शेवटी तक्ताच काढला आणि चार रकाने दिले : आकार, पेटीतले डझन, भाव, शिल्लक. आकडा भरायचा, बटण दाबायचं, तक्ता आपोआप तयार. आता ते बागेतून, पेंढ्यात आंबे लावता लावता भाव टाकतात.

काही अडचणी मात्र आपल्या लिपीच्याच. पतसंस्थेच्या ताईंनी 'वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना' टाकली आणि लिंक सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवली. ब्राउझरमध्ये नीट मराठी दिसणारी ती लिंक ग्रुपवर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन गेली. सभासदांना वाटलं फसवणुकीची लिंक आहे, कोणी उघडेना. देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्राही वेगळं चिन्ह धरून, लिंकमध्ये नऊ जागा खातं आणि वर्डप्रेस लिंकमधल्या नावाला दोनशेच जागा देतं. म्हणजे बाविसाव्या चिन्हाशी नाव तुटतं. आम्ही आता लिंकमध्ये नावाऐवजी नुसता क्रमांक येईल अशी सोय करतो. आणि छापखान्यातून जुन्या फॉन्टमधला मजकूर आला की चिकटवताच त्याची अगम्य अक्षरं होतात, त्यासाठी रूपांतराचं बटण तिथेच ठेवलंय. हे आम्हाला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, गिऱ्हाइकांच्या फोनने शिकवलं.

डिसेंबर 2018 मध्ये वर्डप्रेसचा ठोकळ्यांचा नवा एडिटर आला, प्रत्येक परिच्छेद, प्रत्येक चित्र वेगळ्या ठोकळ्यात. आम्ही उत्साहात सगळीकडे अपडेट केलं, न विचारता, न शिकवता. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून फोन सुरू. ज्यांनी मोठ्या कष्टाने एक पडदा ओळखीचा केला होता, त्यांच्यासमोर आम्ही रातोरात दुसराच आणून ठेवला होता. आठवडाभरात जुना एडिटर परत दिला. नवा एडिटर वाईट नाही, आज मला तोच आवडतो. पण आता कुठलाही मोठा बदल असला की आधी गिऱ्हाइकाच्या टेबलाशी जाऊन बसतो, मग करतो.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. आमच्या गाळ्यात छतापर्यंत पाणी होतं. संगणक, बॅकअपची डिस्क, बाईंच्या चौदा सूचनांच्या वेळची माझी वही, सगळं चिखलात. वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. मी घराच्या गच्चीवर बसून एकच विचार करत होतो, गिऱ्हाइकांना आज साइटवर काहीतरी टाकायचं असणार आणि आपला फोन लागत नाही.

तीन दिवसांनी रेंज आली तेव्हा पहिल्यांदा पतसंस्थेची साइट उघडली. वरच सूचना होती, 22 तारखेची, सकाळी दहा चाळीसची : 'चिपळूण शाखेत पाणी शिरल्याने व्यवहार बंद. सभासदांनी काळजी करू नये. खात्यांच्या नोंदी गुहागर शाखेतही आहेत. शाखा कधी सुरू होईल ते इथेच कळवू.' ताई त्या आठवड्यात बहिणीकडे पुण्याला होत्या. टीव्हीवर गाव पाण्यात बघितलं, व्यवस्थापकांना फोन लावून बघितला, लागला नाही. गुहागर शाखेचा लागला. तिथल्या साहेबांना विचारून मोबाइलवरूनच सूचना टाकली. त्यांनी मलाही फोन केला होता का, असं मी नंतर विचारलं.

"नाही दादा," त्या म्हणाल्या, "तुम्ही पाण्यात असणार हे माहीत होतं. आणि तुम्हाला कशाला विचारायचं होतं त्यात?"

नवा गाळा आम्ही पहिल्या मजल्यावर घेतलाय. बॅकअप आता गावाबाहेर, दोन ठिकाणी जातो. साइट सोपवायला गेलो की मी खुर्ची मागे घेऊन बसतो, ज्याला ती चालवायचीय तो पहिली सूचना टाकतो, आणि ती त्याच्या स्वतःच्या फोनवर दिसेपर्यंत मी बोलत नाही. गेल्या महिन्यात एका ग्रामपंचायतीच्या शिपाईदादांना चाळीस मिनिटं लागली. पाणीपुरवठ्याच्या वेळेची सूचना होती. दिसल्यावर त्यांनी ती मोठ्याने वाचून दाखवली.