ला फोंतेन पाठांतर : कासवापर्यंत मजल

फ्रेंच कवी ला फोंतेनच्या पद्यातल्या प्राणिकथा मी मूळ फ्रेंचमधून पाठ करतोय. ‘सिकाडा (किरकिरणारा कीटक) आणि मुंगी’ आता न अडखळता म्हणता येते, म्हणून या महिन्यात ‘कासव आणि दोन बदकं’ घेतली. दहाव्या भागातली, १६७९ची. गोष्ट मुळात आपल्या पंचतंत्रातली, आणि ला फोंतेन ते लपवत नाही. १६७८च्या संग्रहात त्याने सरळ लिहिलंय की यातले बहुतेक विषय ‘पिल्पे या भारतीय ज्ञान्या’चे. पंचतंत्र पेहलवी, अरबी, फारसी असं फिरत १६४४ साली फ्रेंचमध्ये उतरलं होतं.

आपला कंबुग्रीव (पंचतंत्रातलं कासव) ‘हा कसला गलबला?’ विचारायला तोंड उघडतो आणि तोंडात धरलेली काठी सुटते. बडबड नडली, विषय संपला. ला फोंतेनचं कासव मादी आहे, आणि खालून लोक ओरडतात, ‘चमत्कार! कासवांची राणी ढगांतून चाललीय!’ त्यावर ती म्हणते, ‘राणी! हो तर, आहेच मी. थट्टा नको.’ आणि पडते. ही ओळ आधी मी खवचटपणे म्हणत होतो. आता अगदी गंभीरपणे, मान ताठ करून म्हणतो, आणि ऐकणारे तिथेच हसतात. तिला ते पटलेलं असतं ना!

शेवटचं तात्पर्य (अविचार, बडबड, पोकळ गर्व, फुकाचं कुतूहल, सगळी एकाच कुळातली) ठीकच. मला सुरुवातीची ओळ जास्त आवडते : लंगड्यांनाच घर नकोसं होतं. बदकं तिला अमेरिकेला न्यायचं आमिष दाखवतात, मध्येच युलिसिसचा (ग्रीक पुराणकथेतला भटका वीर) दाखला देतात, आणि कवी हळूच म्हणतो, इथे युलिसिस भेटेल असं कुणाला वाटलं होतं!

उच्चारांत खरी मेहनत पहिल्या ओळीवर गेली. बोलताना आपण ‘तेत लेजेर’ (हलकं डोकं) म्हणतो, पण पद्यात ‘तेतऽ लेजेर’ म्हणावं लागतं, नाहीतर बारा अक्षरं भरत नाहीत. ‘तोर्त्यू एते’मध्ये (कासव होती) मात्र तोच शेवटचा स्वर गिळायचा, कारण पुढे स्वर आहे. सहाव्या अक्षरानंतर किंचित थांबा.

पुढची ‘प्लेगने आजारी प्राणी’. मेंढ्याच काय, धनगरही खाल्लेला सिंह सुटतो आणि जिभेच्या रुंदीएवढं गवत खाल्लेलं गाढव मरतं. त्यातलं कोल्ह्याचं खुशामतीचं भाषण कुणी पाठ केलं असेल, तर श्वास कुठे घेता ते सांगा.