कडबा पण मोजा की राव

ज्वारीचं नवीन वाण आलं की आधी हेक्टरी किती क्विंटल तेच छापून येतं, अन् आमच्या परभणीकडचा शेतकरी विचारतो कडबा किती निघतो, भाकरी कशी होते, कारण दारात जनावरं आहेत ना. १९६४ मध्ये सीएसएच-१ हे देशातलं ज्वारीचं पहिलं हायब्रीड आलं, दाणा भरपूर, पण खरिपात काढणीच्या टायमाला पाऊस लागला की कणसं काळी पडायची. रब्बीत मात्र मालदांडी हे जुनं वाण अजून हटलं नाही. पेरल्यावर पाऊस जवळपास नाहीच, सगळं पीक काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येतं, म्हणून ब्रीडिंगवाले दाणा भरेपर्यंत पान हिरवं राहणारी अन् खोडमाशीला टिकणारी झाडं शोधत बसतात (या माशीनं पोंगेमर झाली, म्हणजे मधला कोंब मेला, की वाळलेला पोंगा ओढला की अलगद हातात येतो, वासपण घाण). परभणीच्या विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत काढलेलं परभणी शक्ती हे वाण २०१८ ला आलं, लोह-जस्त जास्त असलेलं, भारीच काम. पण ते खरिपाचं, अन् खरिपात आता जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. मोंढ्यात कोण लोह-जस्त बघून भाव देतंय? साध्या ज्वारीच्या ढिगातच जाणार ते.