पंचाहत्तर वॅटची हद्द

माझा डेस्कटॉप २०१४ सालचा. कुठल्याशा ऑफिसातून बाद झालेला, मी सेकंडहँड घेतलेला, काळा, जड आणि इतक्या वर्षांत माझ्यापेक्षा कमी आजारी पडलेला. आत इंटेलचा आय५-४५७० आहे, चार कोअर, चार थ्रेड. रॅम वाढवत वाढवत सोळा जीबीवर आणली, जुन्या हार्ड डिस्कच्या जोडीला एसएसडी बसवली आणि ग्राफिक्स कार्ड म्हणून जीटीएक्स ७५० टीआय. हे कार्ड फेब्रुवारी २०१४ मध्ये बाजारात आलं. जेमतेम साठ वॅट खातं, वेगळी वायर लागत नाही. गरीब स्वभावाचं कार्ड. त्याच्याबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही.

मी शिकवण्याच्या व्हिडिओंसाठी त्रिमितीय चित्रं करते. हृदयाच्या झडपा कशा उघडतात, पंपाच्या आत पाणी कसं फिरतं, कुलपात किल्ली घातली की आतले खिळे कसे वर सरकतात, असली कामं. सगळं ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या प्रोग्रॅममध्ये. आणि गेली काही वर्षं रेंडरला, म्हणजे सीनवरून अंतिम चित्रं बनवायला, लावलं की एकच वाक्य समोर यायचं: जीपीयूची, म्हणजे ग्राफिक्स कार्डाची, मेमरी संपली.

मी समजायचे की कार्ड मंद झालंय. ते खरं नव्हतं. एकदा टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्सच्या पानावर जीपीयूची डेडिकेटेड मेमरी पाहिली. नुसता हृदयाचा सीन उघडला होता, रेंडरला हातही लावला नव्हता, तरी २ जीबीपैकी १.८ भरलेली. रेंडर करायचं तर सीनची भूमिती आणि टेक्स्चर (पृष्ठभागांवरची चित्रं) शक्यतो त्या कार्डाच्या मेमरीत मावायला हवेत. मावत नाहीत म्हणून मी गुपचूप सगळं सीपीयूवर, म्हणजे मुख्य प्रोसेसरवर, टाकायचे. एका फ्रेमला चौदा मिनिटं. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दहा सेकंदांच्या ॲनिमेशनला २४० फ्रेम, म्हणजे छप्पन तास. अडीच दिवस खोलीत गिरणी सुरू. प्रोसेसरचा पंखा इतका ओरडायचा की फोनवर समोरचा माणूस विचारायचा, प्रवासात आहात का?

तेव्हा कार्ड घ्यायचं ठरलं. आणि मी भाच्याला फोन केला.

मला वाटलं होतं तो कार्डांची नावं सांगेल. त्याचा पहिला प्रश्न होता, "मावशी, एसएमपीएस, तो वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा आहे?"

"मला काय माहीत?"

"मग कॅबिनेट उघड आणि लेबल वाच. आणि फोटो पाठव, तू वाचून सांगू नकोस."

(मागे एकदा मी त्याला रॅमऐवजी हार्ड डिस्कवरचा आकडा वाचून दाखवला होता. ते तो विसरत नाही.)

लेबलवर २९० वॅट होते. कार्डासाठी सहा पिनांची वायर नाही, आठ पिनांचीही नाही. बरं, एसएमपीएसच बदलावा, तर मदरबोर्डला जाणारी वायर नेहमीच्या २४ पिनांची नसून भलत्याच आठ पिनांची निघाली. ऑफिससाठी बनवलेल्या तयार मशिनांची ही खोड असते: सुटे भाग बाजारातल्या मापाचे नसतात. अडॅप्टर मिळतात, पण म्हणजे एका जुगाडावर दुसरा जुगाड.

आणखी एक जुगाड मला ऑनलाइन दिसला होता. हार्ड डिस्कला जाणारी साटाची वायर घ्यायची आणि कार्डाच्या सहा पिनांना जोडायची. स्वस्त, सुटसुटीत. भाच्याने दोन वाक्यांत तो निकालात काढला. साटाच्या कनेक्टरमध्ये बारा व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची झेप दीड अँपियर. म्हणजे साडेचार अँपियर, चोपन्न वॅट. आणि सहा पिनांवरून कार्ड पंचाहत्तर वॅटपर्यंत मागू शकतं. "वितळतं ते, मावशी," तो म्हणाला. मी पान बंद केलं.

राहिला एकच मार्ग. मदरबोर्डवरच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, ती खाच स्वतःच जास्तीत जास्त पंचाहत्तर वॅट पुरवते. त्या हद्दीत जे बसेल तेच घ्यायचं. हे एकदा ठरल्यावर मला हलकं वाटलं. तोवर मी रात्र रात्र तुलनांचे व्हिडिओ पाहत होते, अमुक कार्ड तमुक कार्डापेक्षा किती टक्के वेगवान. ते सगळे तक्ते एका लेबलने बाद केले. निवड माझी नव्हतीच, मशिनची होती.

तरी उमेदवार होते. जीटीएक्स १६५०, २०१९ चं, पंचाहत्तर वॅट, पण मेमरी चारच जीबी. वर्षभरात पुन्हा तेच रडगाणं. इंटेलचं आर्क ए३८० कागदावर छान, सहा जीबी, पंचाहत्तर वॅट; पण त्या घराण्याला पूर्ण जोर लावायला रिसायझेबल बार नावाची सोय लागते आणि माझ्या बोर्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, तिचा पत्ता नाही. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी शंभर वॅटच्या वर जातं, म्हणजे दारातूनच परत. शेवटी उरलं आरटीएक्स ३०५०. त्यातही मेख अशी की या नावाची दोन कार्डं आहेत. २०२२ चं आठ जीबीवालं १३० वॅट घेतं आणि त्याला वेगळी वायर लागते. २०२४ मध्ये आलेलं सहा जीबीवालं सत्तर वॅटमध्ये भागवतं. त्यात कोअरही कमी आहेत, मेमरीचा रस्ताही अरुंद, १२८ ऐवजी ९६ बिटांचा. थोरल्या भावाच्या नावावर वावरणारा धाकटा. पण मला तो धाकटाच हवा होता, म्हणून घेताना खोक्यावरचं "६ जीबी" तीनदा वाचलं.

भाच्याने एकदा हळूच विचारलं होतं, की एवढ्या म्हाताऱ्या मशिनवर खर्च कशाला? प्रश्न बरोबर होता. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे. माझा चौथ्या पिढीतला. म्हणजे हे मशिन आज ना उद्या जाणारच. माझं गणित असं होतं: कार्ड काढून पुढच्या मशिनमध्ये लावता येतं. त्या भलत्या आठ पिनांच्या वायरीसाठी घेतलेलं काहीही कुठेच लावता येत नाही. तेव्हा कार्डावर खर्च करायचा, बाकी कशावर एक रुपया नाही.

कार्ड आलं. बाजू उघडली. धुळीबद्दल काही लिहीत नाही, लाज वाटते. ब्रश आणि फुंकणी घेऊन अर्धा तास गेला. पंख्याची पाती बोटाने धरून मग हवा मारायची, नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग खराब होतं.

जुनं कार्ड काढताना खरी अडचण आली. खाचेच्या टोकाला एक बारीक प्लॅस्टिकची कळ असते, ती दाबल्याशिवाय कार्ड सुटत नाही. आणि ती नेमकी कार्डाच्या पोटाखाली. बोट जात नाही, स्क्रू ड्रायव्हर घालायची हिंमत होत नाही, घसरला तर मदरबोर्डवर ओरखडा. शेवटी लाकडी फूटपट्टीचं टोक खाली घालून दाबलं आणि कट् असा आवाज आला. पाच सेकंद मी हललेच नाही. कळ शाबूत होती, तो सुटल्याचाच आवाज होता.

नवं कार्ड वीस सेंटिमीटर लांब. मी आधी टेपने मोजलं होतं, हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत तेवीस होते. लांबी मोजली, जाडी मोजली नाही. नव्या कार्डाच्या पंख्यांनी खालची छोटी खाच झाकून टाकली आणि त्या खाचेत माझं वायफायचं कार्ड होतं. पाच मिनिटं मी इंटरनेटला कायमचा निरोप दिला होता. मग कळलं की छोटं कार्ड मोठ्या खाचेतही चालतं, मागचा भाग नुसता रिकामा राहतो. सगळ्यात खालच्या लांब खाचेत ते बसलं. जरा पोरकं दिसतं तिथे, पण चालतं.

आता मॉनिटर. हा प्रसंग मला सविस्तर सांगायचाय, कारण यात मी स्वतःला ओळखलं नाही.

माझा मॉनिटर जुना. तो निळ्या टोकाच्या व्हीजीए केबलने जोडलेला. जुन्या कार्डावर व्हीजीए नव्हतं, म्हणून डीव्हीआय नावाच्या दुसऱ्या पोर्टच्या तोंडावर एक छोटा अडॅप्टर लावलेला असायचा. नव्या कार्डावरही डीव्हीआय होतं. मी तोच अडॅप्टर लावायला गेले. जाईना. थोडा जोर लावला. जाईना. उलटा करून पाहिला. फोन केला.

"जोर लावू नकोस," भाचा म्हणाला, मी काही सांगायच्या आधीच. "अडॅप्टरवरच्या चपट्या पात्याभोवती चार पिना दिसतात का?"

दिसत होत्या.

"आणि कार्डावर त्यांची भोकं?"

नव्हती.

डीव्हीआयचे प्रकार आहेत म्हणे. आय प्रकारात डिजिटल आणि ॲनालॉग दोन्ही जातं, त्या चार पिना ॲनालॉगच्या. डी प्रकारात फक्त डिजिटल. अलीकडच्या कार्डांनी ॲनालॉग सोडूनच दिलंय, त्यामुळे नुसता अडॅप्टर लावून व्हीजीए काढता येत नाही, मध्ये सिग्नल बदलणारं सर्किट असलेला कन्व्हर्टर लागतो. मी आता तो मागवायचा, तोवर काम बंद, असा विचार करत मॉनिटर फिरवला. व्हीजीएच्या शेजारी एक रबरी टोपण होतं. ते काढलं. खाली डीव्हीआय.

इतकी वर्षं. इतकी वर्षं तो पोर्ट टोपणाखाली बसून होता. वर माळ्यावरून मॉनिटरचं खोकं काढलं, त्यात डीव्हीआयची केबल, पिळा घातलेली तार अजून तशीच. लावली, सुरू केलं आणि पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे अक्षरं. काठ स्वच्छ. मेनूमधली बारीक अक्षरं, ज्यांच्यासाठी मी चष्म्याचा नंबर तपासून आले होते, ती धारदार. जुन्या कार्डावरही ही केबल लागली असती. या सुधारणेसाठी नवं कार्ड लागतच नव्हतं.

ड्रायव्हरबद्दल, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, भाच्याचा आग्रह होता की सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर खास प्रोग्रॅमने मुळापासून उपटायचा, मग नवा घालायचा. मी नाही उपटला. दोन्ही कार्डं एनव्हिडियाचीच, नव्या ड्रायव्हरच्या इन्स्टॉलरमध्येच क्लीन इन्स्टॉलेशनची खूण होती, ती केली आणि झालं. कार्डाची कंपनी बदलली असती तर त्याचं ऐकलं असतं. त्याला अजून सांगितलेलं नाही.

मग हृदयाचा सीन उघडला. पहिली फ्रेम रेंडरला लावली. घड्याळ लावून बसले. चौदा मिनिटं.

चौदा. आधीइतकीच. पंखाही तसाच ओरडत होता. मी खुर्चीत बसून त्या सुंदर नव्या कार्डाकडे पाहत राहिले, त्याचे दोन्ही पंखे शांत, जणू ते पाहुणे आलेत. आणि मग त्या शांत पंख्यांवरूनच लक्षात आलं. ब्लेंडरमध्ये दोन ठिकाणी सांगावं लागतं. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिमच्या पानावर ऑप्टिक्स (एनव्हिडियाच्या कार्डावर रेंडर करायची पद्धत) निवडून कार्डावर खूण करायची, ती मी केली होती. पण प्रत्येक सीनच्या रेंडर सेटिंगमध्ये वेगळं डिव्हाइस असतं आणि मी गेली काही वर्षं प्रत्येक फाइल सीपीयू निवडून सेव्ह केली होती. फाइल बिचारी सांगितलं ते करत होती.

बदललं. पन्नास सेकंद.

दुसऱ्यांदा लावलं, विश्वास बसेना म्हणून. पन्नास. मेमरी ३.१ जीबी भरलेली, अजून जागा शिल्लक. माझा बोर्ड पीसीआय एक्सप्रेस (त्या खाचेची जोडणी) ३.० चा, कार्ड ४.० चं आणि तेही आठच लेनचं, म्हणजे त्याला मिळतो तो रस्ता त्याच्या हक्काच्या निम्मा, सेकंदाला साधारण आठ जीबी. गेम खेळणाऱ्याला हे कधी कधी जाणवू शकतं. रेंडरमध्ये सीन एकदा कार्डात उतरला की पुढचं सगळं गणित आतल्या आत चालतं, रस्त्यावर फारशी ये-जा नसते.

जुना प्रोसेसर मात्र लपत नाही. त्या पन्नास सेकंदांतली पहिली अठरा-वीस सेकंदं कार्ड बसूनच असायचं, कारण सीन तयार करून देण्याचं काम आय५ चं, आणि तो आपल्या चालीने चालतो. यावर उपाय सापडला, रेंडरच्या परफॉर्मन्स भागात परसिस्टंट डेटा नावाची खूण. ती केली की फ्रेम संपल्यावर ब्लेंडर सगळं फेकून देत नाही, जे बदललं नाही ते पुढच्या फ्रेमला वापरतं. मेमरी जास्त खातं, पण आता ती आहे. माझ्या सीनमध्ये झडपा आणि कॅमेरा सोडून काही हलत नाही. फ्रेम बत्तीस सेकंदांवर आली. २४० फ्रेम, दोन तास आठ मिनिटं. छप्पन तासांचं काम.

त्या रात्री सवयीने झोपायच्या आधी रेंडर लावलं आणि दार ओढून घेतलं. पाणी प्यायला उठले तेव्हा खोलीत आवाज नव्हता. आत जाऊन पाहिलं तर काम कधीच संपलं होतं. प्रोसेसरचा पंखा नुसता कुजबुजत होता, आणि त्या शांततेत मला पहिल्यांदा आणखी एक आवाज ऐकू आला. टक्. मग थोड्या वेळाने पुन्हा, टक् टक्. कान लावला. जुनी हार्ड डिस्क. कधीपासून करतेय कुणास ठाऊक, गिरणीच्या आवाजात कळलंच नव्हतं.

बॅकअपला लावलंय. सत्तर टक्के झालाय.